आपला नंबर कितवा?

आमचे घर बालाघाटचे. मी शिक्षणासाठी इकडे आले तेव्हा वर्गातल्या मैत्रिणी आश्चर्याने विचारीत, "मध्य प्रदेशातली तू, मग मराठी कशी बोलतेस?" त्यांना इतिहास सांगावा लागे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. मग विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि वैनगंगेकाठचा आमचा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. सरकारी कामासाठी आम्ही भोपाळकडे पाहू लागलो. पण लग्नसंबंध, बाजार आणि दवाखाना यांची वाट मात्र गोंदिया-नागपूरचीच राहिली. घरात मराठी, शेजारी पवारी, शाळेत हिंदी, अशा आमच्या गावात मोठे दुखणे निघाले की अजूनही सगळे एकच सांगतात, "नागपूरले घेऊन जा."

सांगायला हे सोपे आहे. बालाघाटहून गोंदिया सुमारे 40 किलोमीटर आणि तिथून नागपूर आणखी 130. छोट्या लाईनची जुनी गाडी इतिहासजमा होऊन मोठी लाईन आली, त्यामुळे प्रवास सुधारला हे खरे. तरीही म्हाताऱ्या माणसाला पहाटे उठवून, गोंदियाला गाडी बदलून, नागपूरच्या रुग्णालयाच्या दारात उभे करेपर्यंत अकरा वाजतात. आणि कागदावर वेळ लिहिलेली असते सकाळी नऊची! ती एकट्या आमचीच नसते. त्या दिवशी ज्यांना ज्यांना बोलावले असेल त्या सर्वांची तीच वेळ असते.

माझ्या आजीला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. पुढे तो डोळ्यांच्या पडद्यावर उतरला आणि नागपूरच्या एका रुग्णालयात तिची तपासणी सुरू झाली. एका खेपेला मामांबरोबर मीही गेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा नंबर मिळाला त्र्याऐंशी. दुपारी दीडच्या सुमारास बाहुल्या मोठ्या होण्यासाठी आजीच्या डोळ्यांत थेंब घातले. त्यानंतर तिला समोरचे माणूसही धूसर दिसू लागले. माझा हात धरून ती बाकावर बसून राहिली. डॉक्टरांना मधेच शस्त्रक्रियेसाठी जावे लागले. साडेचार वाजता खिडकीतून निरोप आला, "साठच्या पुढच्यांनी दुसरी तारीख घ्या." दुसरी तारीख दोन महिन्यांनंतरची निघाली.

मामा खिडकीशी हुज्जत घालू लागले, तेव्हा आजीच म्हणाली, "डॉक्टर काही वाईट नाही बाप्पा. त्याले तरी किती हात असतीन?"

त्या दोन महिन्यांत एका सकाळी आजीच्या डाव्या डोळ्यापुढे काळे जाळे आले. आत रक्तस्राव झाला होता. पुढे डॉक्टरांनी मन लावून तपासले, लेसरचे उपचार केले आणि समजावून सांगितले की हा उपचार गेलेली नजर परत आणीत नाही, उरलेली राखतो. डाव्या डोळ्याला आज फक्त उजेड कळतो. त्या दिवशीच तपासणी झाली असती तर डोळा वाचला असता का, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण दवाखान्याच्या दारापर्यंत गेलेला रुग्ण न तपासता परत येतो, हे मात्र मनाला लागून राहिले.

आपण लगेच डॉक्टरांवर कोरडे ओढतो. थोडे गणित करून पाहा. चार तासांच्या बाह्यरुग्ण विभागात शंभर रुग्ण असतील तर एकेकाच्या वाट्याला अडीच मिनिटेही येत नाहीत. 2017 साली 67 देशांतील अशा भेटींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमध्ये रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे मिळत होती, तर बांगलादेशात 48 सेकंद! अडीच मिनिटांत आजीने साखर सांगावी, डोळे सांगावे, गोळीने मळमळते तेही सांगावे आणि डॉक्टरांनी ते सगळे ऐकून निर्णय घ्यावा. त्यातून चिडचिड झाली तर नवल काय? डॉक्टर कमी आहेत हे मूळ दुखणे आहे आणि त्यावरचा उपाय कोणा एका डॉक्टरच्या हातात नाही. 2016 साली गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. असे प्रत्येक पाऊल आमच्यासारख्यांची वाट थोडी आखूड करते.

परंतु डॉक्टर कमी असणे वेगळे आणि सर्वांना एकाच वेळी बोलावणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीवर उपाय आहे, आणि तो फार जुना आहे. 1952 साली इंग्लंडमध्ये नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने रुग्णालयातील रांगांचा अभ्यास केला. सर्वांना एकदम बोलावले की डॉक्टरांचा क्षणही वाया जात नाही. पण रुग्णांचे तासन् तास जातात आणि त्यांचा हिशोब कोणी मांडत नाही. बेलींनी दोन्ही हिशोब एकत्र मांडले. त्यांनी सुचविले, की सुरुवातीला दोन रुग्णांना बोलवावे, म्हणजे एकाला उशीर झाला तरी डॉक्टर रिकामे बसणार नाहीत. पुढच्या प्रत्येकाला, एका तपासणीस सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने वेळ द्यावी. यासाठी यंत्र लागत नाही. एक वही आणि एक घड्याळ पुरते. आता मोबाईलवरूनही नंबर मिळतो. पण कितवा नंबर आहे एवढेच कळले आणि किती वाजता हे कळले नाही, तर बाक तोच आणि बसणेही तेच.

वेळेइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णाला विचारणे. गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. रुग्णालय बांधण्यापूर्वी त्यांनी तेथील आदिवासींना विचारले, की तुम्हांला दवाखाना कसा हवा? लोकांनी सांगितले, की मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबतच्या माणसांना राहायला जागा हवी. म्हणून तिथे झोपड्यांसारखी घरे उभी राहिली आणि रुग्णालयाला लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. सगळीकडे झोपड्या बांधाव्यात असे मी म्हणत नाही. पण नागपूरच्या खिडकीवर कोणी एवढेच विचारले असते, "कुठून आलात? परतीची गाडी कितीची?" तर त्र्याऐंशी नंबरचे काय करायचे हे ठरविणे कठीण नव्हते. लांबच्या रुग्णांना अकरानंतरची वेळ देता येते. डॉक्टर नसतील तर आदल्या दिवशी फोन करता येतो. आणि ज्याची तपासणी आज राहिली त्याला दोन महिन्यांनंतर न बोलावता उद्याचा पहिला नंबर देता येतो.

हा प्रश्न केवळ आमच्या बालाघाटचा नाही. आपल्या या सीमाभागातून मराठी आणि कन्नड बोलणारे किती रुग्ण मिरजेला जातात! डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये तिथे रुग्णालय काढले, तेव्हापासून ही वाट रुळली आहे. दुखण्याला राज्याची सीमा ठाऊक नसते. पण परक्या गावात, परक्या भाषेत, हातात कागद धरून बसलेल्या माणसाला ती पुरेपूर ठाऊक असते. आपल्यापैकी काही जण उद्या डॉक्टर होतील. बरेच जण बँकेत, कचेरीत, शाळेत कुठल्या ना कुठल्या खिडकीच्या आत बसतील. तेव्हा बाहेरच्या बाकावरचा माणूस किती वाजता घरून निघाला असेल, याचा विचार त्यांनी अवश्य करावा.

आजीच्या उजव्या डोळ्याची तपासणी अजून चालू आहे. गेल्या खेपेला मामांनी आदल्या दिवशीच फोन करून आपली अडचण सांगितली. खिडकीवर कोणी नवीन मुलगा होता. तो म्हणाला, "अकरापर्यंत या, मी नाव लिहून ठेवतो." त्याने खरोखरच लिहून ठेवले होते. साडेबाराला तपासणी आटोपली आणि आजी दिवसाउजेडी गाडीत बसली.