लपवलेली घेरी

धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले, तेव्हाच त्याला मूत्रपिंड द्यायचे ते मीच, असे मी मनाशी ठरवून टाकले. माझे वय अठ्ठावन्न. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, रक्तगट एकच. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार बहीण जवळच्या नातेवाइकांत मोडते. नागपुरातच तपासण्या सुरू झाल्या. मूत्रपिंडांचे अहवाल उत्तम आले. अडले ते ईसीजीपाशी.

ठोक्याची विद्युतलहर सुरू झाल्यापासून हृदयाचे मोठे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होईपर्यंतचा जो काळ, त्याला क्यूटी म्हणतात. नाडीच्या गतीचा हिशेब धरून स्त्रियांमध्ये तो साधारण ४६० मिलिसेकंदांच्या आत असावा. माझा ४९० भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, तरी तेवढाच.

हृदयरोगतज्ज्ञांनी विचारले, “कधी शुद्ध हरपली होती का? घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेले?”

मी “नाही” म्हणाले. दोन्ही प्रश्नांना.

खरे निराळे होते. मुलीच्या बाळंतपणानंतर दुसऱ्या महिन्यात, पहाटे गजराचे घड्याळ खणखणले आणि मी उठता उठता कोसळले होते. अशक्तपणा म्हणून डिंकाचे लाडू वाढले, विषय संपला. आणि माझी एक मावशी विशीत, रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. घरात तिला नजर लागली असे म्हणत. हे सारे मला आठवत होते. पण सांगितले तर मला दाता म्हणून नाकारतील, या भीतीने जीभ उचलली नाही.

भाऊ मात्र त्या पहाटे आमच्याच घरी होता. डायलिसिसच्या खुर्चीवरून तो म्हणाला, “ताई, तू पडलीस तेव्हा पाणी मीच मारलं होतं गं तुझ्या तोंडावर. खोटं बोलून दिलेलं मला काही नको.”

मग मी सगळे सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. अचानक आवाजाने, विशेषतः बाळंतपणानंतरच्या महिन्यांत येणारी अशी घेरी ‘लाँग क्यूटी’ या आनुवंशिक विकाराच्या एका प्रकारात ओळखीची आहे, असे त्यांनी समजावले. मूत्रपिंडाबरोबर हा विकार दुसऱ्याकडे जात नाही. धोका देणाऱ्याला असतो. शस्त्रक्रियेनंतर उलटी थांबवणारे ऑनडॅनसेट्रॉन, काही प्रतिजैविके क्यूटी आणखी लांबवतात. पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम उतरले तर भर पडते. असा विकार असलेल्या प्रत्येकाला नकारच मिळतो असे नाही. हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ मिळून एकेकाचा विचार करतात. माझ्या बाबतीत, ती घेरी आणि ती मावशी पाहता, त्यांनी नाही म्हटले. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

पण प्रश्न माझ्यापुरता नव्हता. जनुकीय चाचणीत माझ्यातला दोष सापडला, आणि तो सख्ख्या भावंडात किंवा अपत्यात असण्याची शक्यता निम्मी. डायलिसिसमध्ये पोटॅशियम खालीवर होते, म्हणून भावाची तपासणी आधी झाली. तो सुटला. माझी मुलगी सुटली नाही. तिला दुसरे मूल हवे आहे. त्या बाळंतपणात आता हृदयरोगतज्ज्ञही सोबत असतील. माझ्या वेळी लाडू होते.

आम्ही दोघी बीटा ब्लॉकरच्या गोळ्या घेतो. कोणत्या औषधांपासून दूर राहायचे याची यादी दोघींच्या पर्समध्ये असते. भावाचे नाव नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत आहे. वहिनीचा रक्तगट जुळत नाही. २०११च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल करता येते, त्याचीही चौकशी चालू आहे.

तोवर आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मंगळवारी सोबत मी जाते. गजर नाही, भाऊच सहाला माझ्या दाराशी येतो आणि बेल न वाजवता कडी हलकेच हलवतो.