सासूबाईंचा पाटा

गेल्या वर्षी इंदूरचे आमचे जुने घर विकले, आणि सामानाची आवराआवर करताना एका वस्तूवरून घरात मतभेद झाला. ती वस्तू म्हणजे सासूबाईंचा काळ्या दगडाचा पाटा. नव्या घरी मिक्सर असताना हे अर्ध्या मणाचे ओझे तिसऱ्या मजल्यावर कशाला चढवायचे, असे मुलाचे म्हणणे. त्यात खोटे काही नव्हते. दहा वर्षांत त्या पाट्याला टाकी लागली नव्हती.

मी गप्प राहिले. बोलली ती माझी धाकटी मुलगी. ती भूशास्त्र शिकलेली. पाट्याच्या कडेची बारीक छिद्रे दाखवून म्हणाली, ''आई, हे वायूचे बुडबुडे. हा दगड एके काळी वाहत होता.''

माळव्याच्या काळ्या मातीखालचा पाषाण हा दख्खनच्या लाव्हाचाच उत्तरेकडील विस्तार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले व थिजले. त्यांचाच हा बेसॉल्ट. ज्या उष्ण स्रोतातून तो आला, तो आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तेथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

मुलीला कौतुक होते ते त्या बेटावरील खडकांचे. पृथ्वीचे वय सुमारे 456 कोटी वर्षे. पण तिचे पहिले कवच वितळून, गाडले जाऊन जवळजवळ नाहीसे झाले. पश्चिम ऑस्ट्रेलियात झिरकॉनचे 440 कोटी वर्षांपूर्वीचे कण तेवढे सापडले आहेत. मग जे उरलेच नाही, त्याचा शोध घ्यायचा कसा? तर त्याने मागे ठेवलेल्या हिशेबावरून.

समारियम-146 हे किरणोत्सारी समस्थानिक क्षय पावून निओडिमियम-142 होते. सुमारे दहा कोटी वर्षांत ते निम्मे सरते. म्हणजे पृथ्वीच्या पहिल्या पन्नासएक कोटी वर्षांतच ते जवळपास संपले. आता खडक वितळू लागला, की या दोन मूलद्रव्यांची वाटणी सारखी होत नाही. वर येऊन कवच बनणाऱ्या शिलारसाबरोबर निओडिमियम अधिक जाते. मागे उरलेल्या भागात समारियमचे प्रमाण वाढते. ही वाटणी समारियम-146 शिल्लक असताना झाली असेल, तरच पुढे एका भागात निओडिमियम-142 किंचित जास्त आणि दुसऱ्यात किंचित कमी भरते. नंतरच्या वाटणीची अशी खूण उमटत नाही, कारण जनकच उरलेला नसतो.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रीयुनियनच्या खडकांमध्ये हा जास्तकमीपणा आढळला. फरक केवढा? दहा लाखांत मोजक्याच भागांचा! पण तेवढ्यावरून कदाचित 439 कोटी वर्षांपूर्वीच्या वाटणीची साक्ष मिळाली. तिचे अंश भूगर्भात खोलवर, पुरते न मिसळता, टिकून राहिले होते.

''आपल्या पाट्यातही ती खूण असेल?'' मी विचारले.

''मोजल्यावाचून कसे सांगू?'' ती म्हणाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. होळकरांच्या अमदानीत आमच्या घराण्यातला कोणी पूर्वज माळव्यात आला, एवढेच आम्हांस ठाऊक आहे. गाव कोणते, कागद कोठे गेले, कोणी सांगू शकत नाही. पण सासूबाई तुरीच्या आमटीच्या वाटणात तिरफळ घालीत. माळव्यात ते होत नाही. कोणी कोकणातून येणारा असला, की त्या आवर्जून मागवीत. ''आमच्यात असेच करतात,'' एवढेच म्हणत. हे 'आमच्यात' कोठले, हे मी पस्तीस वर्षांत एकदाही विचारले नाही. विचारावयास हवे होते. सांगणारी ती शेवटचीच होती.

पाटा नव्या घरी आला आहे. मुलाने स्वतःच तो वर चढवला. गेल्या रविवारी मी टाकी लावणारीला शोधून आणले, आणि तिरफळाचे वाटण त्यावर वाटले. सून शेजारी उभी होती. तिला कारण विचारण्याची वाट न पाहता मी ठाऊक होते तेवढे सगळे सांगून टाकले.