मोबाईलमधला खोत

पाच हजार रुपयांचं कर्ज द्यायला एखाद्या ॲपला आपल्या मामाचा, शेजाऱ्याचा आणि मुकादमाचा नंबर कशाला लागतो? आमच्या वस्तीतल्या एका रिक्षावाल्या मित्राचा हप्ता चार दिवस लांबला, तेव्हा उत्तर मिळालं. पार सासरवाडीपर्यंत फोन गेले. 'हा चोर आहे' असे मेसेज गेले. ॲप बिघडलं नव्हतं बरं का. जसं बनवलं होतं, तसंच ते चाललं होतं.

म्हणून 'टेक्नॉलॉजीला जात नसते' हे वाक्य आम्हाला पटत नाही. 'हो'चं बटण केवढं मोठं आणि 'नको' किती पुसट, व्याज वर्षाचं दाखवायचं की आठवड्याचं, हे कुणीतरी खुर्चीत बसून ठरवतं. ज्याच्या गळ्याला फास बसणार, तो त्या खोलीत नसतो.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणात सरकार आणि कूळ यांच्या मधे खोत उभा होता. बाबासाहेबांनी खोताला नीट वागण्याची विनंती केली नाही, ती पद्धतच मोडा म्हणाले. आज गरजू माणूस आणि पैसा यांच्या मधे ॲप उभं आहे.

कायदा नाही असं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग आणि फोटोंना हात लावायला मनाई केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ग्राहकाला फसवणाऱ्या रचनेचे १३ प्रकार नावानिशी जाहीर केले. पण जे ॲप मुळातच बेकायदा आहे, ते कसला नियम पाळणार?

आपली कितीतरी पोरं आज हिंजवडीत, बंगळुरात कोड लिहितात. त्यांच्याशी आमचं थोडं भांडण आहे. 'वरून सांगितलं तसं करतो' हे उत्तर आंबेडकरी माणसाच्या तोंडी शोभत नाही. मीटिंगमध्ये विचारा ना, हा नंबर आपल्याला कशासाठी हवाय? एकूण फेड किती, ते मराठीत, एका आकड्यात का दिसत नाही? जेवढं सहज घेता येतं, तेवढंच सहज रद्द का करता येत नाही? 'असं केलं तर धंदा चालत नाही' म्हणणाऱ्यांना सिग्नल दाखवा. ना-नफा संस्था, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं.

आम्ही आमच्यापुरतं सुरू केलंय. रविवारी वंदना झाली की विहारात बसून एकेकाच्या फोनमधल्या परवानग्या तपासतो आणि नको त्या बंद करतो. बायका जास्त येतात, बचत गटामुळे कर्जाचं गणित त्यांनाच पक्कं कळतं. ज्यांना कोड येतो, त्यांनीही यावं.