तलंग आणि राख

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. माझ्या वयाच्या बेळगावकर मित्रमैत्रिणींना हा शब्द सांगितला की ते 'काय? काय?' म्हणून दोनदा विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. ती पिल्लू नसते आणि पुरती कोंबडीही नसते. घरातल्या बायका तिच्याकडे अंड्यांच्या आशेनं बघतात, पुरुष वजनाचा अंदाज घेत बघतात.

आमच्या येळ्ळूरच्या घरी गेल्या पावसाळ्यात पाच पक्षी होते. चार गिरिराज आणि एक तांबडी गावठी तलंग. गिरिराज ही बेंगळूरला तयार केलेली जात. अंगानं दणकट, परसात पाळायला सोपी, अंडी गावठीपेक्षा कितीतरी जास्त. पण गिरिराज खुडूक बसत नाही. अंडं घालते आणि निघून जाते. म्हणजे दरवेळी पिल्लं विकत आणायची. आज्जीचा जुना गावठी वाण होता तोवर तिनं कधी पिल्लू विकत आणलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मानमोडी आली आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. एक तांबडी कोंबडी तेवढी वाचली. तिनं गेल्या साली एकदा पिल्लं काढली, पुढे तिला आणि बहुतेक पिल्लांना मुंगसानं नेलं. उरली ती ही तलंग. घरातली खुडूक बसू शकणारी शेवटची.

आषाढ संपता संपता ती एका कोपऱ्यात अंग फुगवून उभी राहायला लागली. पाठ उघडी पडली होती, मानेवरची पिसं विरळ झाली होती, तुरा लाल असायचा तो फिका गुलाबी. उचलली तर हाताला छातीचं हाड सुरीच्या पाठीसारखं लागलं. गिरिराज मंडळींना काही झालं नव्हतं.

"हिला आता काढून टाकूया," अप्पा म्हणाले. "एकीमुळे बाकीच्या चार जातील."

अप्पांचं म्हणणं चूक नव्हतं. आज्जी मात्र म्हणाली, "आजारी जीव कापून खात नाहीत. आणि परवापासून श्रावण लागतोय. गणपती होऊ देत, मग बघ तुला काय बघायचं ते."

अशी त्या तलंगेला सव्वा महिन्याची मुदत मिळाली.

आज्जीचे गुडघे आता वाकत नाहीत, त्यामुळे खालचं सगळं काम माझ्याकडे आलं. तिनं ओसरीवर खुर्चीत बसून तलंग मांडीवर उलटी धरली आणि मला शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करायला सांगितलं. पिसं हलली आणि पेंढ्याच्या रंगाचे बारीक किडे भराभरा पळाले. पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके होते, साबुदाणा चिकटून वाळावा तसे. त्या लिखा. एकेका पिसाला शेकड्यानं.

"पिसवा," आज्जी म्हणाली. आज्जी सगळ्यालाच पिसवा म्हणते. त्या उवा होत्या. कोंबडीची ऊ आपल्या डोक्यातल्या उवेसारखी रक्तावर जगत नाही. ती पिसांचे तंतू आणि कातडीचा कोंडा कुरतडून खाते. जन्मापासून मरेपर्यंत ती पक्ष्याच्या अंगावरच असते, खाली पडली तर आठवड्याभरात मरते. आईला वाटत होतं की आता आमच्या सगळ्यांच्या डोक्यात उवा होणार. तसं होत नाही. कोंबडीची ऊ माणसाच्या अंगावर जगू शकत नाही.

पण उवांनी तुरा इतका फिका पडत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळलं. तिथला प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो फक्त आपल्या सीमाभागातच घडू शकतो. डॉक्टर कन्नड बोलणारे, माझं कन्नड कामापुरतं. मी आदल्या रात्री मोबाईलवर मराठीत वाचून गेले होते की कोंबडीचं रक्त पिणारे लाल कोळी असतात. तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासानं विचारलं, "सर, केंपू कोळी?" कन्नडमध्ये केंपू म्हणजे लाल आणि कोळी म्हणजे कोंबडी. डॉक्टरांनी पिशवीतून डोकावणाऱ्या आमच्या तांबडीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हौदु. केंपू कोळी." हो, लाल कोंबडीच आहे. मागे उभ्या असलेल्या शेळीवाल्या मावशींना दोन्ही भाषा येत होत्या. त्या हसून हसून बाकावर बसल्या.

मग त्यांनीच समजावून सांगितलं आणि डॉक्टर एकदम गंभीर झाले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रात्री नोडिद्रा?" रात्री बघितलंत का?

हे लाल कोळी दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतच नाहीत. ते खुराड्याच्या फटींत, फळ्यांच्या सांध्यांत, बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूला लपलेले असतात. रात्री पक्षी झोपला की बाहेर येतात, रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत जातात. उपाशी असताना करडे, प्यायल्यावर लाल. उकाड्यात त्यांची एक पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, आणि रिकाम्या खुराड्यात ते अन्नावाचून महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून आजारी कोंबडी काढून टाकली तरी ते जात नाहीत. अप्पांच्या बेताला हे मोठंच उत्तर होतं.

रात्री दहा वाजता मी आणि अप्पा बॅटरी घेऊन खुराड्यापाशी गेलो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पांढरं फडकं दांडीच्या खालून ओढलं. फडक्यावर कुंकवासारखे ओघळ उमटले. अप्पा काही बोलले नाहीत. ते आत गेले, पटाशी आणि हातोडी घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी काय काय उपसायचं ते बघत बसले. तलंगेची झोपायची जागा भिंतीलगत, अगदी कोपऱ्यात होती. गिरिराज कोंबड्या दांडीचा मधला भाग सोडत नसत. सगळ्यात जास्त फटी तिच्याच कोपऱ्यात.

दवाखान्यातून दोन औषधं मिळाली होती. अंगावर लावायला परमेथ्रिनची भुकटी आणि खुराड्यावर फवारायला डेल्टामेथ्रिन. फवाऱ्याचं पाण्यातलं प्रमाण मी इथे मुद्दाम देत नाही. बाटलीबाटलीत औषधाची तीव्रता वेगळी असते, तेव्हा ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. दोन गोष्टी मात्र सांगते. ही औषधं माशांना फार विषारी असतात, म्हणून डबा-पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुवायचा नाही. आणि मांजराला यापासून लांब ठेवायचं, त्याच्या अंगाला ही भुकटी सोसत नाही. आमची मनी दोन दिवस माडीवर कोंडलेली होती आणि तिनं ते सगळ्या गल्लीला ऐकवलं. गिरिराजची अंडी किती दिवस खायची नाहीत तेही डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, ते आम्ही पाळलं.

सल्ले पुष्कळ आले. कुणी रॉकेल सांगितलं. त्यानं आधीच सोललेली कातडी भाजते. आज्जीला तंबाखूचं पाणी करायचं होतं, डॉक्टरांनी हात जोडले, कारण तेही विषच, आणि तलंगेच्या वजनाला फार. शेजारच्या काकांनी माळ्यावरून गॅमेक्सिनचा गंजलेला डबा काढून आणला. त्यातलं बी.एच.सी. १९९७ पासून देशात बंद आहे आणि डबा त्याहून जुना असावा. कडुलिंबाचा पाला आम्ही खुराड्यात टाकला. त्यानं काही बिघडलं नाही, पण त्यानं उवा गेल्या असं मी म्हणणार नाही.

तलंगेला आंघोळ घालायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. येळ्ळूरच्या पावसात, राजहंसगडावरून येणाऱ्या वाऱ्यात ओली अशक्त कोंबडी संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. तेव्हा कोरडी भुकटीच. आज्जीनं पदरानं तिचं डोकं झाकून धरलं आणि मी पंखांखाली, मानेच्या बुडाशी, शेपटीखाली बोटांनी भुकटी मुळापर्यंत चोळली. तीच भुकटी चारही गिरिराजना. त्या दिसायला धडधाकट होत्या, पण उवा त्यांच्याही अंगावर होत्या, फक्त थोड्या. दहा दिवसांनी पुन्हा सगळ्यांना. भुकटीनं ऊ मरते, लीख मरत नाही. आठवड्याभरात लिखांतून नवी ऊ बाहेर येते. दुसरा हात दिला नाही तर पहिला फुकट.

अप्पांनी खुराडं सगळं मोकळं केलं. जुनी दांडी चुलीत घातली, फळ्या खरवडल्या, फवारल्या, फटी चुन्यानं बुजवल्या. तोवर पक्षी गोठ्यात.

या सगळ्यात मला एक प्रश्न पडला होता. आज्जी साठ वर्षं कोंबड्या पाळते आहे. उवा तेव्हाही असतील, मग असं कधी झालं कसं नाही? तिला विचारलं तर ती म्हणाली, "तवा राख होती की गे."

कोंबडी पाण्यानं न्हात नाही, ती धुळीत न्हाते. खड्डा करते, आडवी होते, पायांनी धूळ उडवून पिसांच्या मुळापर्यंत जाऊ देते आणि मग उठून सगळी झटकून टाकते. बारीक कोरडी धूळ किड्यांना मानवत नाही. उन्हाळ्यात अंगणभर धूळ असते. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने वीतभर कोरडी जागा मिळत नाही. पूर्वी ती कसर चुलीच्या राखेनं भरून निघायची. परड्यातल्या पडवीत राखेचा ढीग असायचा आणि कोंबड्या दिवसभर त्यात लोळायच्या. मग स्वयंपाकाला गॅस आला. तरी न्हाणीघरातलं चुलाण पेटत होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्याच हट्टानं छपरावर सोलर बसलं आणि चुलाण सणासुदीपुरतं राहिलं. सोलर मी काढायला सांगणार नाही. धुराशिवाय आई पहिल्यांदाच मोकळा श्वास घेते आहे. पण कोंबड्यांचं न्हाणीघर आम्ही बंद केलं होतं आणि ते घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

उरलीसुरली जी राख ढिगाला असायची ती गिरिराज अडवायच्या. तलंग जवळ गेली की टोच. खाण्याच्या थाळीपाशीही तेच. उपाशी, अशक्त पक्षी चोचीनं पिसं साफ करणं सोडतो, आणि मग उवांना रान मोकळं मिळतं. औषध कितीही चांगलं असलं तरी हे चक्र मोडायचं तर तिला वेगळी जागा, वेगळं खाणं, वेगळी राख द्यायलाच हवी होती.

म्हणून ओसरीवर डालग्याखाली तिचा संसार मांडला. बाकीच्या दिसतील अशा ठिकाणी, कारण फार दिवस नजरेआड ठेवली तर परत घेताना त्या तिला परकी समजून मारतात. एका फुटक्या घमेल्यात चाळलेली तांबडी माती आणि लाकडाची राख. राख शेजारच्या खानावळीतून आणायचे. प्लॅस्टिक जाळलेली राख चालत नाही, आणि राख ओली होता कामा नये. ओली राख कातडीला खाते.

खाण्याचं गणित सोपं होतं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. नुसत्या कण्या टाकून ती उगवत नाहीत. शेंगदाण्याची पेंड, थोडी तिळाची पेंड, उकडलेलं अंडं कुस्करून, आणि सुकट. श्रावणात घरात सुकट! आई दारातच थांबली. आज्जी म्हणाली, "कोंबडीला कसला आलाय श्रावण?" तरी आईनं सुकटीचा डबा गोठ्यातच ठेवायला लावला. रोज सकाळी आम्ही शाबूची खिचडी खायचो आणि तलंग सुकट.

पहिल्या पंधरा दिवसांत पिसांत काहीच फरक दिसला नाही, तुरा तेवढा हळूहळू लालसर झाला. तिसऱ्या आठवड्यात पाठीवर निळसर काटे फुटले. पीस उगवताना आधी अशी नळी येते आणि तिच्यात रक्त असतं. ती फुटली की लाल ठिपका दिसतो आणि लाल दिसलं की दुसऱ्या कोंबड्या टोचतात, म्हणून आणखी काही दिवस डालगं. शेपटीची पिसं मात्र तुटून खुंट राहिले होते. मूळ जाग्यावर असेपर्यंत नवं पीस येत नाही, ते पुढच्या पीसगळीलाच. त्यामुळे गणपतीला पाहुणे आले तेव्हा ही अशी अर्धी नवी, अर्धी लांडी ओसरीवरून फिरत होती. विसर्जनानंतर अप्पांनी तिला एकदा उचलून छातीचं हाड चाचपलं आणि खाली ठेवली. विषय पुन्हा निघाला नाही.

अंडं घालायला तिनं मार्गशीर्ष उजाडवला. फाल्गुनात खुडूक बसली. आज्जीनं नऊ अंडी मांडली, एकविसाव्या दिवशी सात पिल्लं. कोंबडा गिरिराज, त्यामुळे पिल्लं मोठाड आहेत, पण चार माद्या आईवर गेल्यात, तांबड्या. त्या खुडूक बसतील की नाही ते बसल्यावरच कळेल.

आता पुन्हा आषाढ लागलाय. घमेलं आता पडवीत पत्र्याखाली कायमचं आहे आणि दर रविवारी शेपट्या उचलून बघायचं काम अप्पांनी स्वतःकडे घेतलंय. परवा त्यांनी हाक मारली. दोन तलंगांच्या पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके होते, मोजके, पाच-सात. मी भुकटी काढली. दुसरा हात पुढच्या बुधवारी.