आईच्या पायांचे माप

आईच्या पोटऱ्यांवरील फुगलेल्या निळ्या शिरा मी वर्षानुवर्षे पाहत होतो. दुखणे मात्र तिने कधी बोलून दाखवले नाही. संध्याकाळी घोटे सुजू लागले, तेव्हा मी दुकानातून दाबाचे मोजे आणले, तेही तिच्या चपलेच्या मापाने! ते वरून गुंडाळले जात आणि गुडघ्याखाली लाल वळ उमटे. "होईल सवय," एवढेच ती म्हणाली.

डॉक्टरांनी आधी पावलांवरील नाडी तपासली. रोहिण्यांतून होणारा रक्तपुरवठाच कमी असेल, तर असा दाब अपायकारक ठरतो. मधुमेहाने संवेदना मंदावली असल्यास तो जाणवतही नाही. मग त्यांनी दुसऱ्या श्रेणीचे, २३ ते ३२ मिलिमीटर पारा दाबाचे मोजे लिहून दिले. हा दाब घोट्याशी सर्वाधिक असतो आणि वर कमी होत जातो. त्यामुळे पायांत साचणारे रक्त हृदयाकडे परतण्यास मदत होते. माप सकाळी, सूज चढण्यापूर्वी घ्यावे : घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि गुडघ्याखालपर्यंतची उंची.

आता रोज सकाळी, ती अंथरुणातून उठण्यापूर्वी, मी रबरी हातमोजे घालून तिच्या पायांशी बसतो. मोजा टाचेपर्यंत उलटा करून हळूहळू चढवतो, सुरकुती राहू देत नाही. रात्री तो उतरवून त्वचा न्याहाळतो.

ज्या पायांवर घेऊन तिने मला न्हाऊमाखू घातले, त्यांचे माप घ्यायला मला इतकी वर्षे लागली. परवा ती आपणहून म्हणाली, "इथे जरा आवळतंय रे." मोज्यांनी दिलेला हा आराम मला सर्वांत मोठा वाटला.