दहा सेंटांचं कार्ड

रुंदी अडीच इंच, उंची साडेतीन. चारही कडांना लाकडी फळीच्या रेषा छापलेली चौकट, वरच्या कोपऱ्यात संघाचं गोल चिन्ह, खाली रंगीत पट्टीत नाव आणि मधे टोपी घातलेला, फारसा कुणाला न आठवणारा एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. उलटून पाहावं तर करड्या पुठ्ठ्यावर निळ्या-पिवळ्या शाईत त्याचं सगळं आयुष्य : उंची, वजन, जन्मगाव, कोणत्या वर्षी कोणत्या संघाकडून किती सामने. अक्षर इतकं बारीक की उजेडात धरल्याशिवाय लागत नाही. अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीचं हे १९८७ सालचं बेसबॉल कार्ड. दुकानात याला ‘कॉमन’ म्हणतात आणि दहा-दहा सेंटांच्या खोक्यात उभं करून ठेवतात.

जन्म मेणकागदाच्या पाकिटातला. चाळीस सेंटांत सतरा कार्डं आणि बबलगमची एक कडक वडी. ज्या कार्डाला ती वडी चिकटून बसली, त्याच्या अंगावर तपकिरी डाग कायमचा राहिला. पाकीट फोडणाऱ्या पोराची नजर बॅरी बाँड्स नाहीतर मार्क मॅग्वायर अशा नावाजलेल्या खेळाडूंना शोधत असायची. ते सापडले की लगेच प्लास्टिकच्या कव्हरात जायचे. आमचा पिचर बुटांच्या खोक्यात जायचा आणि तिथेच राहायचा.

याची गरिबी याच्या चुकीनं आलेली नाही. १९५२ सालच्या टॉप्स कार्डांचा न खपलेला साठा कंपनीनं पुढे बार्जमधून समुद्रात नेऊन टाकला. घराघरांतली कार्डं आयांनी साफसफाईत काढून टाकली. त्यामुळे जी उरली ती दुर्मिळ झाली. त्या वर्षाचं मिकी मँटल या दिग्गज खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. जुन्या कार्डांचे भाव ऐंशीच्या दशकातच चढायला लागले होते, ते पाहून लोकांनी धडा घेतला : आता काही टाकायचं नाही. मुलांच्या कॉलेजच्या खर्चाची सोय म्हणून आईबापांनी सीलबंद खोकी घेऊन ठेवली. मागणी दिसली तशी कंपन्यांनी छपाई वाढवत नेली. सगळ्यांनीच जपून ठेवलं, म्हणून टंचाई कधी आलीच नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंनी संप केला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली आणि बाजाराचा उरलासुरला उत्साह ओसरला. तेव्हापासून हे कार्ड तळघरात आणि माळ्यावर बसून आहे, कोपरे शाबूत, रंग ताजा.

याचा स्वभाव एकदा समजून घ्यायला हवा : याला एकट्यानं प्रवास सोसत नाही. ईबेवर हे एकटं एका डॉलरला विकलं आणि टपालखर्च त्यातच धरला, तर तेरा टक्क्यांच्या आसपास कमिशन, वर प्रत्येक ऑर्डरमागे तीस सेंट, आणि तिकीट पाऊण डॉलरच्या घरात. घरपोच झालं, गिऱ्हाईक खूश, आणि विकणाऱ्याच्या खिशातून पैसे गेले. तेच कार्ड दहा जणांच्या सोबतीनं पाच डॉलरना निघालं की हिशेब फिरतो. एका कार्डाचं वजन जेमतेम दोन ग्रॅम. एका तिकिटात एक औंस, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम, जातं. दहाएक कार्डं त्याच पाकिटात, जवळपास त्याच तिकिटात जातात आणि ऑर्डरमागचे तीस सेंट एकदाच कापले जातात. नफा याच्या अंगात नसतो, तो या सोबतीत असतो. स्वस्त कार्डं विकून जे टिकले, त्यांना ही गोष्ट लवकर कळली.

पाठवणी पाहण्यासारखी असते. आधी पातळ प्लास्टिकची पेनी स्लीव्ह. मग दोन पुठ्ठ्यांच्या मधे कार्डं, आणि भोवती रंगारी वापरतात ती निळी चिकटपट्टी. साधी सेलोटेप नको, कारण ती निघताना प्लास्टिक फाडते आणि कार्डाला गोंद लावते. निळ्या पट्टीचं टोक थोडं दुमडून ठेवायचं, म्हणजे घेणाऱ्याला नखानं उकरत बसावं लागत नाही. पाकीट पाव इंचापेक्षा जाड नको. ताठ पाकीट टपाल खात्याच्या यंत्रात वळत नाही आणि मग जादा आकार पडतो, म्हणून कडक टॉपलोडर महागड्या कार्डासाठी राखून ठेवायचा. २०२१ पासून ईबेनं अशा स्वस्त कार्डांसाठी माग काढता येईल असं साधं पाकीट सुरू केलं. हा फार मोठा आधार ठरला, कारण ‘मिळालंच नाही’ अशी एक तक्रार दहा पाकिटांची कमाई खाऊन टाकते.

पण खरा खर्च तिकिटाचा नाहीच, हातांचा आहे. प्रत्येक कार्डाचा वेगळा फोटो, वेगळं वर्णन करत बसलं तर तासाची मजुरी सुटत नाही. या कार्डाला शिस्त आवडते : साल, कंपनी, क्रमांक. तीन हजार दोनशे कार्डं मावणाऱ्या मोठ्या खोक्यांत एकदा क्रमवार लावलं की यादीतून क्रमांक आला, हात गेला, कार्ड निघालं. स्पोर्टलॉट्ससारख्या संकेतस्थळावर काही सेंटांची कार्डं अशीच क्रमांकानं विकली जातात. वॉशिंग्टन राज्यातली सीओएमसी ही कंपनी तर विकणाऱ्यांची कार्डं स्वतःकडेच ठेवते, आणि गिऱ्हाईक अनेकांकडून घेतलेली कार्डं साठवून एकदम मागवू शकतं. सोबतीचीच युक्ती, फक्त मोठ्या प्रमाणावर.

आणि घेतं कोण? १९८७ चा संच ७९२ कार्डांचा. सातशे नव्वद जमवून दोनांसाठी अडलेला माणूस बाँड्स मागत नाही, तो त्याच्याकडे आधीच असतो. त्याला हाच पिचर हवा असतो. कुणी एकाच संघाची सगळी कार्डं घेतो. कुणी आपल्या गावच्या खेळाडूची. खेळाडूचे नातेवाईकही शोधत येतात. सगळ्यांत जिव्हाळ्याचं गिऱ्हाईक म्हणजे टपालानं सह्या जमवणारे. ते कार्ड, चार ओळींचं पत्र आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट निवृत्त खेळाडूच्या घरी पाठवतात. ज्यांना आता फारसं कुणी विचारत नाही असे कितीतरी म्हातारे खेळाडू सही करून ते परत पाठवतात. त्यासाठी महागडं कार्ड टपालात घालायला कोण धजेल? तिथे हेच लागतं.

कधी याचं नशीब भलतीकडूनच फिरतं. बिली बीन हा मेजर लीगमध्ये १४८ सामने खेळला, तीन होमरन, सरासरी .२१९. त्या काळात त्याचं कार्ड याच गर्दीतलं. पुढे तो ओकलंड संघाचा जनरल मॅनेजर झाला, २००३ मध्ये त्याच्यावर ‘मनीबॉल’ हे पुस्तक आलं, २०११ मध्ये सिनेमा आला. त्याला शोधायला लोक पुन्हा त्याच स्वस्त खोक्यांकडे वळले.

मला हे कार्ड मँटलच्या कार्डापेक्षा जवळचं वाटतं. मँटलची आठवण ठेवायला सगळी अमेरिका आहे. दोन-चार हंगाम खेळून गावी परतलेल्या माणसाची नोंद हातात धरता येईल अशी याच पुठ्ठ्यावर आहे, आणि ती दहा सेंटांना मिळते.

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मंडळींपैकी कुणाच्या माळ्यावर जुन्या मालकाचं असं खोकं निघालं, तर ते कचऱ्यात देऊ नका आणि श्रीमंतीची स्वप्नंही पाहू नका. ही कार्डं ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, पाठवू नका, तिथली फी कार्डाच्या कैक पट आहे. एखाद्या रविवारी सालानुसार, मग क्रमांकानुसार लावा. डाग असेल तर डाग आहे असं लिहा. संघवार गठ्ठे करून विका आणि सुटं मागणाऱ्याला निदान पाच घ्यायला सांगा. ज्याचा संच दोन कार्डांसाठी अडला आहे, तो क्रमांक घेऊनच तुमच्याकडे येईल.