पेशवाई लग्नात नवरीने काय नेसावे?

१/ पुण्यातील एका मुलीचे लग्न ठरले. वय २९, नोकरी संगणक क्षेत्रातली आणि इतिहासाचे वेड शाळेपासूनचे. दोन्ही घरांनी मिळून ठरवले की सोहळा पेशवाई थाटाचा करायचा. समया, चौघडा, पाटावरची पंगत आणि प्रत्येकाच्या अंगावर अठराव्या शतकातील पोशाख. सगळे मनासारखे जुळत होते. एकच काळजी तिला आतून कुरतडत होती : त्या पोशाखात ती स्वतः कशी दिसणार? उंची पाच फुटांना इंचभर कमी, बांधा रुंद आणि आरशाशी फारसे सख्य नाही.

२/ भाड्याने पोशाख देणाऱ्या एका दुकानात ती आईसोबत गेली. तेथे ‘पेशवाई नऊवारी’ तयार शिवलेली होती. कमरेला इलॅस्टिक, बाजूला चेन, निऱ्या टाके घालून पक्क्या बसवलेल्या. पायजम्यासारखी चढवायची आणि पदर खांद्यावर टाकायचा. चेन अर्ध्यावर अडकली. दुकानातील बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “ताई, लग्नाला दोन महिने आहेत अजून. चार-पाच किलो सहज उतरतील.” वस्त्र बदलण्याचे कोणालाच सुचले नाही. बदलायचा होता तो देह.

३/ इतिहासाचा पहिला धडा येथेच आहे. नऊवारीला माप नसते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर लांबीचे सलग, न शिवलेले कापड. ते कृश बाईला पुरते, स्थूल बाईला पुरते, गरोदर बाईला पुरते आणि बाळंतपणानंतरही तेच पुरते. देह बदलला की दोन निऱ्या कमी किंवा जास्त, एवढाच फरक. दुकानातल्या त्या पोशाखाने नऊवारीचे रूप उचलले होते, पण तिचा मूळ गुण कात्रीने कापून टाकला होता.

४/ नेसण्याची रीत थोडक्यात अशी. कापड कमरेभोवती घेऊन पुढे घट्ट गाठ मारायची. एका टोकाचा पदर मागून आणून खांद्यावर घ्यायचा. उरलेल्या कापडाच्या निऱ्या करून पोटाशी खोचायच्या. मग निऱ्यांमधील काठ दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेत खोवायचा. हा झाला कासोटा. सारा भार त्या एका गाठीवर आणि दोन खोचांवर असतो. आत परकर लागत नाही, टाचणीही लागत नाही.

५/ टाचणीवरून आठवले. ज्या सेफ्टी पिनेशिवाय आजची एकही नवरी मांडवात उभी राहत नाही, त्या पिनेचे पेटंट अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८४९ साली घेतले. पेशवाई बुडाली १८१८ साली. चेन तर विसाव्या शतकातली. म्हणजे अठराव्या शतकातील प्रत्येक स्त्री दळण, धुणे, सण, प्रवास हे सारे केवळ गाठ आणि खोच यांच्या भरवशावर करीत होती. वस्त्र सुटेल या भीतीने तिला श्वास रोखून उभे राहावे लागत नव्हते.

६/ रंगांचीही तीच कथा. दुकानातील जांभळा रंग डोळ्यांवर येत होता. १८५६ साली विल्यम पर्किन याला जांभळ्या रंगाचे रासायनिक द्रव्य सापडले आणि त्यानंतर कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. त्याआधीचे रंग झाडामुळांतून येत : हळदीचा पिवळा, निळीचा निळा, मंजिष्ठेचा तांबडा. ते गडदही असत, परंतु त्यांचा झळाळ वेगळा असे. रंग शोभत नाही असे वाटले, तर दरवेळी दोष कातडीच्या वर्णाचा नसतो. कधी तो रसायनाचा असतो.

७/ चोळीचेही तसेच. फुग्याच्या बाह्यांचे, हुक लावलेले पोलके इंग्रजी अमदानीतले. त्यापूर्वीची चोळी खणाची असे आणि तिची टोके पुढे गाठ मारून बांधली जात. गाठ म्हणजे पुन्हा सैल-घट्ट करण्याची सोय. ज्या काळात शिवणयंत्र नव्हते, त्या काळातील वस्त्रांनी माणसाच्या कमी-जास्त होण्याला जागा ठेवली होती.

८/ आणि नथ? ती तरी सनातन असेल, असे तिला वाटले होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी नथेच्या प्राचीनतेवर स्वतंत्र लेख लिहिला आहे. प्राचीन संस्कृत वाङ्मयात आणि शिल्पांत नाकातील दागिना आढळत नाही. तो आपल्याकडे बराच नंतर, मध्ययुगात रुळला. पेशवाईत मात्र नथ होती, मोत्यांची होती. तेव्हा ती घालायला हरकत नव्हती. नाक टोचलेले नसल्याने तिने दाबाची नथ घ्यायचे ठरवले.

९/ आता ती पुराव्याच्या मागे लागली. पेशवाईतील नवरी नेमकी कशी दिसे? पुरुषांची चित्रे मिळतात. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९२ साली पुण्यात आला आणि त्याने सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे प्रसिद्ध चित्र रंगवले. आज ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्यात दागिने आहेत, पण वस्त्र पांढरे आणि पातळ. मालिकांमधील जड मखमल तेथे दिसत नाही. घरंदाज स्त्रिया मात्र परक्या चित्रकारापुढे बसत नसत. नवरीचे असे चित्र तिला सापडले नाही.

१०/ सापडली ती एक तारीख. सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४ चा. त्यांचे लग्न पुण्यात मोठ्या थाटाने झाले ते १७८३ च्या प्रारंभी. पेशव्यांच्या घरचा हा गाजलेला विवाह, आणि नवरदेवाला नऊ वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. वधू रमाबाई, तीही बालिकाच. ज्या ‘अस्सल पेशवाई नवरी’चा पोशाख ती शोधत होती, ती नवरी तिच्या भाचीएवढी होती.

११/ त्या रात्री तिने वही मिटून ठेवली. २९ वर्षांची, शिकलेली, स्वतःच्या पसंतीने वर निवडणारी नवरी पेशव्यांच्या वाड्यात कोणी पाहिलीच नव्हती. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, त्यातही मर्यादा बारा वर्षांची. शारदा कायदा १९२९ चा, त्यात मुलीसाठी चौदा. तिच्या मापाचा पोशाख त्या काळात नव्हता, याचे कारण तिचा बांधा नव्हे. तिच्यासारख्या नवरीलाच तेव्हा जागा नव्हती.

१२/ दुसरा प्रश्न नवऱ्या मुलाने विचारला, आणि तो अधिक अवघड होता. त्याचे घराणे मावळातले, भातशेती करणारे. तो म्हणाला, “मला अंगरखा शोभेलही. पण तेव्हा माझ्या खापरपणजोबांनी तो घातला असता, तर चालले असते का?” हसत विचारले होते त्याने. तरी उत्तर लगेच कोणाला देता आले नाही.

१३/ उत्तर इतिहासात आहे. त्या काळी वस्त्र म्हणजे केवळ आवड नव्हती, ती ओळख होती आणि मर्यादाही होती. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी जातिव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात नोंदवले आहे की, सोनारांनी ब्राह्मणांप्रमाणे धोतराच्या निऱ्या सोडून नेसू नये आणि ‘नमस्कार’ म्हणू नये, असा निर्बंध पेशवाईत होता. मुंबईतील कंपनी सरकारनेही १७७९ साली नमस्काराबाबत तसा हुकूम काढला. धोतराच्या निऱ्या हाही राज्यकारभाराचा विषय होता!

१४/ स्त्रियांच्या नेसणीतूनही हेच वाचता येई. काठ घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, पदर डोक्यावरून की नुसता खांद्यावर, कासोटा कसा घातला, यावरून बाई कोणत्या समाजातली, कोणत्या कामाची, हे पाहणाऱ्याला कळे. ब्राह्मण विधवेला केशवपन आणि आलवण. एकच नऊ वार कापड एकीला मिरवत होते आणि दुसरीला तिची पायरी दाखवत होते.

१५/ आठवडाभर घरात चर्चा झाली. पेशवाईचा बेत सोडून द्यावा, असेही ठरत आले. शेवटी निमंत्रणातील एक ओळ बदलली. ‘पेशवाई पोशाखात यावे’ याऐवजी ‘आपल्या घरातील आजी-आजोबा जे नेसत, ते नेसून यावे’ असे छापले. चौघडा राहिला, पंगत राहिली. दरबार तेवढा गेला. पंगतीला पाट सर्वांना सारखेच मांडायचे, हेही त्याच बैठकीत ठरले.

१६/ राहता राहिली नवरीची नेसण. आईची मावशी ८२ वर्षांची, आजही रोज नऊवारी नेसणारी. तिने ट्रंकेतून एक मऊ सुती लुगडे काढले, हळदी रंगाचे, बारीक तांबड्या काठाचे. लग्नात मामाने वधूला पिवळे वस्त्र द्यायचे आणि तिने ते नेसून गौरीहर पुजायचा, ही आपल्याकडची जुनी चाल. त्या ट्रंकेतल्या लुगड्यावर जर नव्हती, बुट्टी नव्हती. मुलीचा चेहरा थोडा उतरला. मावशीआजीने तिकडे लक्ष दिले नाही. ती गाठ मारू लागली.

१७/ मुलीने सवयीने पोट आत ओढले. मावशीआजी थांबली. “पोट कशाला आत घेतेस गं? सोड श्वास. सगळा सोड. मग खोचते मी. आत्ता आवळून बांधले, तर पंगतीला बसलीस की सुटेल.” मुलीने श्वास सोडला. गाठ तिच्या खऱ्या कमरेवर बसली. गेल्या दोन महिन्यांत, कदाचित गेल्या पंधरा वर्षांत, कपडे घालताना तिने श्वास सोडण्याची ही पहिली वेळ होती.

१८/ मग तिने आरशात पाहिले. पुढच्या निऱ्यांच्या उभ्या रेषा सरळ खाली उतरत होत्या, त्यामुळे उंची तुटत नव्हती. काठ बारीक होता, तो देहाला आडवा छेदत नव्हता. जुने सूत अंगाबरोबर पडत होते, कडक जरीसारखे फुगून उभे राहत नव्हते. पाठीमागे कासोट्याने बांध्याला डौल आला होता. काहीही लपवलेले नव्हते. तरी सारे जागच्या जागी होते.

१९/ ऐतिहासिक थाटाच्या लग्नाला जाणाऱ्यांनी यातून घ्यायचे ते असे. शिवलेली नऊवारी टाळावी, नेसवणारी बाई शोधावी. ठेंगण्या बांध्याला बारीक काठ आणि मऊ पोत, उंच बांध्याला रुंद काठ शोभतो. अधिक उंच व्यक्तीने कापडाचा पन्हा आधी मोजावा, नाहीतर काठ घोट्याच्या वर राहतो. दागिना एखादाच, पण नीट दिसेल असा. ठुशी असेल तर चिंचपेटी नको. आणि नेसून एकदा जमिनीवर मांडी घालून बसून पाहावे. बसता आले, तर नेसण साधली.

२०/ पुरुषांसाठीही हेच. अंगरखा बटणांचा नसतो, बंदांचा असतो, म्हणून तोही अंगाप्रमाणे सैल-घट्ट होतो. मखमलीपेक्षा पांढरे सुती कापड काळालाही धरून आणि उन्हाळ्यातही सुखाचे. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. साच्यात बसवलेली ती पगडी न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीची आठवण अधिक देते, बाजीरावाची कमी. या नवरदेवाने अखेर आजोबांसारखे मुंडासे बांधले. ते त्याच्या वडिलांनी बांधून दिले.

२१/ लग्नाच्या दिवशी मांडवात सात-आठ प्रकारच्या नऊवारी दिसल्या. नवऱ्या मुलाची आजी भातलावणीला जाताना नेसे तशीच, गुडघ्याशी आखूड नेसून आली होती. आधी ती मागच्या रांगेत बसली. मावशीआजीने हात धरून तिला पुढे आणले आणि कासोट्याची ती खोच कशी घालतात, हे विचारून घेतले. आयुष्यभर नऊवारी नेसूनही ती खोच तिला ठाऊक नव्हती. पुढचा अर्धा तास त्या दोघी नवरीला विसरूनच गेल्या होत्या.

२२/ पंगतीत नवरी पाटावर मांडी घालून बसली, दोनदा जिलबी मागून घेतली, उठली. काही सुटले नाही. जुने कापड संग्रहालयाच्या काचेआड शतकभर टिकते. ते नेसवण्याची रीत मात्र हातांत असते, आणि ते हात आज ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांच्या घरी असे हात अजून आहेत, त्यांनी येत्या रविवारी ट्रंक उघडावी आणि एकदा नेसवून घ्यावे. श्वास सोडून.